कळपाचं शेपूट

"कोकरू आपल्या पायानं कळपात चालंपर्यंत त्याला देखणं म्हणायचं नाय, बिरू. दृष्ट ऐकत असती." पन्नास वर्षांपूर्वी फर्दापूरच्या माळावर आजी बोलली होती, आणि तो आवाज बिरूच्या कानात अजून राखण करत बसला होता.

म्हणून शहरातल्या दवाखान्यात, काचेपलीकडचा नातू पहिल्यांदा पाहून तो म्हणाला, "काय माकडावानी तोंड हाय."

ओली बाळंतीण सून, प्रांजली. तिनं मान फिरवली.

छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात भोक घेऊनच पोरगं जन्मलं होतं. आतडी छातीत चढलेली, डावं फुप्फुस बोराएवढं, आणि फुप्फुसातल्या नसा अशा आवळलेल्या की रक्ताला आत वाटच मिळेना. नळीतून श्वास आणि नसा सैल करणारा वायू चालू होता.

"आधी नसांतला दाब उतरू द्या, मग ऑपरेशन," नर्स प्रेरणा म्हणाली. तिनं मशीन दाखवलं. "रक्तातल्या प्राणवायूचा हा आकडा हाताचा, हा पायाचा. दोन्ही जवळ आले की समजायचं, बरं चाललंय."

"म्हंजी पुढची मेंढरं वाटंला लागली, शेपटाची मागं राहिली."

"तसंच बाबा."

तेव्हापासून बिरू रोज दारातूनच विचारी, "शेपूट कुठवर आलं?" प्रेरणा सांगे, "ब्याण्णव, अठ्ठ्याहत्तर." मग, "पंच्याण्णव, अठ्ठ्याऐंशी." सातव्या दिवशी शेपूट कळपाला भिडलं. ऑपरेशन झालं, आतडी आपल्या घरी उतरली, भोक शिवलं. वायू रोज थोडा थोडा कमी होऊ लागला.

बिरूची जीभ मात्र कमी होईना. "कान बघा, पळसाची पानं." "नाक तर कुणी बसून दाबलंय."

प्रांजली नवऱ्याला म्हणाली, "उद्या मामंजींना आणू नका." बिरूनं ऐकलं. सांगावं तर दृष्ट ऐकणार. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

एकविसाव्या दिवशी नळी निघाली. पोरगं घोगरं रडलं, थेट कोकरावानी. प्रेरणानं त्याला प्रांजलीच्या छातीशी दिलं. शहाण्णव, शहाण्णव.

"बोला मामंजी," प्रांजली म्हणाली. "आज माकड का बेडूक?"

बिरूनं डोक्याचा पटका काढून डोळे पुसले. पोरगं पायानं चालायला अजून वरीस होतं. पण श्वास तर आपला आपण चालवत होतं. आजीनं एवढं समजून घेतलं असतं.

"लई देखणा हाय गं," तो म्हणाला. "पहिल्या दिशीच दिसला व्हता."