गावपळणीत राज्य कोण सांभाळणार

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी पत्ते हातात धरले नाहीत, कॅरमच्या सोंगटीला बोट लावलं नाही. सरकारी कचेऱ्यांत एकतीस वर्षं, शेवटी ओरोसला, आवक-जावक बघितली, निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी एकदम राजेच झाले. गावात ह्यांना सगळे नाना म्हणतात. लिहिताना मीही तेच म्हणते, सोयीचं पडतं.

राज्य होतं संगणकात. संगणक नितेशचा, आमच्या एकुलत्या मुलाचा. तो पुण्याला नोकरीला लागला आणि जुना संगणक इथे आणून ठेवला. त्यात आधी सगळ्यांकडे असते तीच सिस्टीम होती, अर्थात चोरीची, आणि तिला इतके व्हायरस लागले होते की यंत्र चालू होईपर्यंत माझा भात शिजून उतरायचा. नितेशने एका मे महिन्यात ती पुसून लिनक्स नावाची दुसरी घातली, पोस्टाने फुकट आलेल्या सीडीवरून.

"फुकटचा आणि बरा, असा खंय असता?" नानांनी विचारलं.

"वापरून बघा," नितेश म्हणाला.

आतला मोडेम त्यावर चालेना, म्हणून बाहेरचा विकत आणावा लागला. प्रिंटर तर कधीच चालला नाही, त्यावर मी कोकमाची सोलं सुपात घालून वाळत ठेवते. मराठी अक्षरांत वेलांटी एकीकडे आणि काना तिसरीकडे. पण यंत्र पळायला लागलं, हे कबूल करायला हवं. काही अडलंच तर काळ्या पडद्यावर लिहायच्या इंग्रजी ओळी नितेशने एका वहीत उतरवून दिल्या होत्या. नाना त्या एकेक अक्षर बघून टिपायचे, दोनदा ताडून पाहायचे आणि मगच बटण दाबायचे. साहेबाच्या सहीला कागद पाठवल्यासारखं सगळं.

त्या लिनक्सवरच हा राज्य वसवायचा खेळ होता. जगभरातले वीसेक लोक इंटरनेटवरून खेळायचे, आणि दिवसाला चाल एकच. चोवीस तासांत कधीही यायचं, आपली माणसं हलवायची, शहरं राखायची आणि जायचं. नानांनी शहरांना नावं दिली आचरा, विजयदुर्ग, ओरोस. ओरोस कायम तोट्यात असायचं. शेजारी नितेशचं राज्य, दोघांचा तह. सगळी शहरं गेली की तो खेळाडू बाद, पुन्हा त्या खेळात पाऊल टाकता येत नाही.

२००७ च्या चतुर्थीला नितेशला रजा मिळाली नाही. आमच्याकडे माणूस लग्नाला आला नाही तर चालतं, गणपतीला आला नाही तर चालत नाही. नाना फोनवर म्हणाले, "चतुर्थीक येवक जमणा नाय, तर परत येव नको." आणि ठेवला फोन. पोरानेही ते शब्दशः घेतलं. हट्टात बापाला झाकावं आणि मुलाला काढावं. वर्ष उलटलं, दुसरी चतुर्थी गेली. नितेशचा फोन आला की मी बोलायचे, आणि नाना त्या वेळी अंगणात माडाला उगाच पाणी घालायचे.

खेळ मात्र चालू राहिला. रोज संध्याकाळी सातला नाना बसायचे. त्यात एकमेकांना निरोप लिहायची सोय होती, तिला दोघांनीही हात लावला नाही. पण चाल व्हायची.

"आज नितेशान काय धाडल्यान?" मी स्वयंपाकघरातून विचारायचे.

"दोन गलबतां. धान्याची."

"आणि तुमी?"

"घोडेस्वार दिलंय. त्येची उत्तरेची बाजू उघडी आसा."

फोनवर तो बापाचं नाव काढत नसे, पण बापावर त्याची माया आहे, एवढं मला त्या दोन गलबतांवरून कळायचं. वर्षभर मी त्यावरच दिवस काढले. लाज कसली, खरं तेच सांगते.

त्या वर्षी मार्गशीर्षात देवाने गावपळणीचा कौल दिला. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. किरिस्तांवांची, म्हणजे ख्रिस्ती घरंसुद्धा निघतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. देवाला गाव मोकळा हवा असतो, मग आपण कोण विचारणार? नदीपलीकडे झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि पोरासोरांची चंगळ होते.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. पोलंडच्या कुणा खेळाडूचं सैन्य त्यांच्या वेशीवर येऊन बसलं होतं, आणि तीन चाली चुकणार होत्या. राज्य गेलं तर नाना बाद. नाना बाद झाले की गलबतं बंद. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एवढं नीट कळत होतं.

"नितेशाक फोन करा," मी म्हटलं. "सांगा, तीन दिवस माझी शहरां राख."

"सांगूक कित्या व्हया? तो थंय पुण्याक आसा. बघतलो आणि राखतलो."

"आणि नाय राखल्यान तर?"

नानांनी गोठ्यात जाऊन गायीचं दावं सोडलं. बोलणं संपलं.

पहिला दिवस झोपडी शाकारण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना एस.टी. धरून मालवणला गेले, जेरीकडे. जेरी फर्नांडिस नितेशचा वर्गमित्र, बाजारात त्याचं सायबर कॅफे आहे. पुढची हकीकत मला जेरीनेच सांगितली. त्याच्या यंत्रांवर तो खेळ नव्हता. बिचाऱ्याने तासभर खटपट करून नानांसाठी उतरवून घेतला. खेळ उघडला, नाव टाकलं, आणि त्याने पासवर्ड विचारला. तो नानांना पाठ नव्हता. पासवर्ड नितेशने लावून दिला होता आणि तो लिहिला होता आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. कॅलेंडर घरात, घर वेशीच्या आत.

"नितेशाक म्हायत असतलो," जेरी म्हणाला. "हो घेवा फोन."

नानांनी म्हणे फोन परत जेरीकडे सरकवला. मग "एस.टी. चुकात" म्हणून उठले. पुढची एस.टी. दीड तासाने होती.

परत आले ते थेट लवूकडे. लवू देवस्थानचा मानकरी, गावपळणीत वेशीवर लक्ष त्याचं.

"धा मिनटां घराकडे जावन येतंय," नाना म्हणाले.

"नाना, पाखरू सुदीक रवणा नाय थंय," लवू म्हणाला. "तुमी असा काय इसारलास घराकडे?"

आता राज्य, असं सांगणार कसं? आयुष्यभर नियमाने चाललेला माणूस, मुकाट्याने झोपडीत येऊन आडवा झाला. मला त्यांचा राग आला होता. एक फोन. एक फोन करायला ह्यांचं काय जात होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नदीवर भांडी घासत होते. मागून "आई" म्हणून हाक आली. खांद्याला बॅग लावून नितेश उभा. वाळला होता. मी राख लागल्या हातांनीच त्याला धरलं.

नाना झोपडीच्या तोंडाशी काथ्याचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली. सव्वा वर्षाच्या अबोल्यानंतर समोर आलेल्या मुलाला बापाने पहिलं वाक्य काय म्हणावं?

"तू हय इलंस? मगे थंय राज्यार कोण आसा?"

"कोण नाय."

"कोण नाय म्हणजे? माझी शहरां तुझ्यार टाकून इलंय मी! कालपासून चाल नाय केलंस?"

"नाय."

"अरे, तो पोलंडवालो दोघांकय खातलो!"

"खावंदे," नितेश म्हणाला. बॅग खाली ठेवली. "परवा सातांक बसलंय. तुमची चाल नाय. येळभर वाट बघितलंय. मगे याद इली, गावपळण. तुमी नाय तर मी गलबतां कोणाक धाडू, नाना?"

नानांनी दोर बाजूला ठेवला. मग सरकून त्यांनी चटईवर जागा केली. मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने परतायचा कौल दिला. ढोल वाजले आणि गाव उठला. गुरं पुढे, पोरं मागे, जो तो आपल्या घराकडे सुटला. लवूसुद्धा म्हणाला, "नाना, तुमचो पाय पयलो पडतलो वाटला माका."

नाना उठलेच नाहीत. "गर्दी जावंदे," ते नितेशला म्हणाले. "सावकास जावया."

रिकाम्या झोपड्यांच्या रांगेत बापलेक दोघेच बसून बोलत होते. काय, ते ऐकू येत नव्हतं. भांड्यांचं गाठोडं, गाय आणि कोंबड्यांची टोपली, सगळं माझ्याच गळ्यात पडलं. एरवी मी दोघांनाही फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी टोपली डोक्यावर घेतली, गायीचं दावं धरलं आणि एकटीच नदी उतरले. हाक मारली नाही.