एकदाच विचारणारी माणसं

घरातून निघतानाच उल्काने नवऱ्याला बजावलं होतं, "अहो, हे लोक एकदाच विचारतात. विचारलं की हो म्हणायचं. नको-नको करत बसायचं नाही."

"मला काय कळत नाही का?" श्रीकांत म्हणाला होता.

नव्हतंच कळत. ‘ब्लू हेरन’ पबमध्ये शिरून कोट काढेपर्यंत ते सिद्धही झालं.

वेलबरी हे केंब्रिजच्या पलीकडच्या सपाट शेतांमधलं टीचभर गाव. एक बाजारचौक, एक सर्जरी म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना आणि हा पब. पण पबचा मालक रॉन मोठा हौशी. कुठकुठल्या छोट्या भट्ट्यांमधून तो बिअरची पिंपं आणायचा आणि त्यांची नावं खडूने फळ्यावर लिहायचा. श्रीकांत वर्षभर इथल्या सर्जरीत बदली डॉक्टर म्हणून काम करत होता. रॉनकडे पोर्टर नावाची काळीभोर बिअर येणार आहे, हे तो महिनाभर वरणभात कालवता कालवता सांगत होता. उल्काला त्या पोर्टरचा वीट आला होता.

आज मात्र ती स्वतःहून आली होती. सर्जरीतल्या डॉक्टर टॉमची निवृत्ती जवळ आली होती आणि मुख्य डॉक्टर ब्रॅडलींनी दोघांना मुद्दाम बोलावलं होतं. कशासाठी ते न कळायला उल्का काही दूधखुळी नव्हती. लग्न होऊन या देशात आल्यापासून तिने हॉस्पिटलची क्वार्टर्सच बघितली होती. सहा महिने झाले की खोकी बांधा, नवं गाव. लेकीच्या, मंजिरीच्या, चार शाळा झाल्या होत्या आणि आत्ता कुठे पोरीला जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. उल्काचं पुरणयंत्र तर गेल्या तीन घरांत खोक्यातून बाहेरच आलं नव्हतं. आता तिला हलायचं नव्हतं. बस्स.

"काय घेणार, श्रीकांत?" ब्रॅडलींनी विचारलं. "पोर्टर आजच आलीय."

श्रीकांतचे डोळे फळ्यावर खिळले होते. तोंड म्हणालं, "नो, नो, मला खरंच काही नको. ऑरेंज ज्यूस चालेल."

"राइट," म्हणून ब्रॅडली उठले आणि खरोखरच ऑरेंज ज्यूस घेऊन आले. उल्काने सरळ लेमोनेड घातलेली बिअर, शँडी मागितली होती, तिला शँडी मिळाली. बटाट्याच्या क्रिस्प्सचं पाकीट पुढे आलं, तेही श्रीकांतने हात जोडून परतवलं. दुपारपासून या माणसाच्या पोटात काही नव्हतं.

उल्काचं डोकं तडतडू लागलं. याच्या घरच्या पंगती तिने पाहिल्या होत्या. ताटावर आडवा हात धरायचा, पुरे पुरे म्हणायचं आणि बोटांच्या फटीतून जिलबी पडू द्यायची! पण इथे फटीतून जिलबी कोण टाकणार? हात आडवा केला की वाढपी पुढे जातो.

"तर," ब्रॅडली म्हणाले, "टॉम सप्टेंबरमध्ये जाणार. त्याच्या जागी कायमचा पार्टनर म्हणून तू यावंस, असं आम्हा सगळ्यांना वाटतं."

श्रीकांतने छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. "नो, नो! मी कुठला एवढा लायक? तुम्हाला माझ्याहून चांगला माणूस मिळेल."

ब्रॅडलींचा चेहरा पडला. "अच्छा. वाईट वाटलं, पण तुझा निर्णय. इली गावात एक डॉक्टर आहे, त्याला सोमवारी फोन करतो." आणि ते आपल्या गुलाबांवरच्या किडीबद्दल बोलू लागले.

श्रीकांत हसतमुखाने दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता. कीड संपली, खताचा विषय निघाला, तसं त्याचं हसू वाळत गेलं. उल्काने टेबलाखालून लाथ घातली. त्याने "सॉरी" म्हणून पाय आवरून घेतला.

शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे शेतकरी बसले होते. एक म्हणाला, "अजून एक?" दुसरा म्हणाला, "नको, आता निघायला हवं." "घे रे." "बरं, तू म्हणतोस तर." उल्काने कान टवकारले. म्हणजे या मेल्यांनाही आग्रह कळतो तर! फक्त बिअरपुरता.

ती तडक उठली, रॉनकडून पोर्टरचे दोन पाइंट घेऊन आली आणि एकेक दोघांपुढे आदळला.

"डॉक्टर, आमच्याकडे पहिल्याच वेळी हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. पहिला नकार मोजायचा नसतो. दुसराही नाही. प्लीज, याला तीनदा विचारा."

ब्रॅडली बघतच राहिले. "मग तो ऑरेंज ज्यूस..."

"त्याला पोर्टरच हवी होती. महिनाभर माझं डोकं खाल्लंय."

ब्रॅडलींनी घसा खाकरून पुन्हा विचारलं. श्रीकांत म्हणाला, "पण खरंच, मी..."

"अहो!" उल्का अशी ओरडली की अख्खा पब वळून बघू लागला.

ब्रॅडलींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"येस," श्रीकांत पुटपुटला. "थँक यू. येस." आणि त्याने अर्धा पाइंट एका दमात संपवला.

उल्का खुर्चीत मागे रेलली. खोकी आता फोडून फेकूनच द्यायची, होळीला पुरण घालायचं, असं तिच्या मनात चाललं होतं.

"अजून एक," ब्रॅडली तिच्याकडे वळून म्हणाले. "आमच्या डिस्पेन्सरीतल्या बाईही सोडून जाताहेत. तुम्ही पुण्यात फार्मसी शिकलात ना? औषधं द्यायचं काम तुम्ही सांभाळाल का?"

त्या पदवीचा कागद पुरणयंत्राच्याच खोक्यात होता. कुठल्याही गावात नोकरीची चौकशी करेपर्यंत निघायची वेळ यायची. असं कुणीतरी विचारावं म्हणून ती किती वर्षं झुरली होती.

"छे, छे," उल्का म्हणाली. तिचा हात आपोआप छातीवर गेला होता. "मला कुठलं जमायला! इतकी वर्षं झाली..."

शब्द बाहेर पडले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं तिला झालं. श्रीकांत आ वासून तिच्याकडे बघत होता.

डॉक्टर ब्रॅडलींनी शांतपणे ग्लास खाली ठेवला आणि एक बोट वर केलं.

"वन," ते म्हणाले.

दुसरं बोट वर यायच्या आत उल्का ओरडली, "हो!" तेही मराठीतच.