सगळ्या सर्व्हरवर एकदम

सकाळपासून ती मास्तरांवर जाम भडकलेली होती.

मास्तर हे कंपनीने पाडलेलं नाव. समोरच्याला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मास्तर. शहरभरच्या तपासणी लॅबचे रिपोर्ट ज्या साठ लिनक्स सर्व्हरवर चालत, ते सगळे त्यांनीच उभे केले होते आणि ते सांभाळायला तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. सर्व्हर ठिकठिकाणी विखुरलेले, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतलं एक मशीन. तिथे बसून एक कमांड लिहायची, एंटर दाबायचा, की ती साठही ठिकाणी एकदम पोचते. त्या खुर्चीत इतकी वर्षं मास्तर बसायचे.

काल संध्याकाळी ते मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर आले, खुर्चीवरची आपली उशी उचलली, “उद्यापासून तू बस इथे” एवढंच म्हणाले आणि चालू लागले. काय झालं म्हणून तिने दोनदा विचारलं. तोंडातून अवाक्षर नाही. आज सकाळी तर डिस्क बदलायच्या निमित्ताने परस्पर पार दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये निघून गेले. साधा फोन नाही.

म्हणजे खुर्ची गेली म्हणून रुसले होते तर. ती काय तिने मागितली होती? तिच्या बाळंतपणात तिचं सगळं काम स्वतःच्या डोक्यावर घेऊन वर कुणाला पत्ता लागू न देणारा हा माणूस, आणि एका खुर्चीसाठी नाक फुगवून बसतो. रुसा खुशाल, तिने मनात म्हटलं, मीही काही समजूत काढायला येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅनेजर आत आला आणि दार लोटून घेतलं. याला पाठीमागे सगळे लोणी म्हणत. आवाज तसाच, मऊ आणि गुळगुळीत. याच आवाजात त्याने दोन महिन्यांत चार जणांना घरी पाठवलं होतं. त्यातल्या एकाने तर जाताना त्याचे आभारही मानले होते.

“छोटंसं काम आहे,” लोणी म्हणाला. “मास्तरांचं अकाउंट बंद करायचंय. सगळ्या सर्व्हरवर. एका कमांडमध्ये होतं ना?”

“बंद म्हणजे?”

“कंपनी त्यांना मोकळं करतेय. दोन माणसांचा खर्च आता झेपत नाही.”

“त्यांना सांगितलंय?”

“चार वाजता ऑफिसातून फोन जाईल. आधी लॉगिन बंद, मग निरोप, अशीच पद्धत असते. माणूस रागाच्या भरात काहीतरी करून बसतो.”

“मास्तर? त्यांना राग आला की ते चष्मा पुसतात.”

लोणी हसला. ती हसली नाही.

“आत्ता ते तिथे डिस्क बदलतायत,” ती म्हणाली. “तुम्हीच पाठवलंत ना त्यांना?”

“हो. राहिलेलं तू इथून पुरं कर.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन माणसाला लांब धाडायचं आणि त्याची पाठ वळली की आतून कडी लावून घ्यायची. तीही कुणाच्या हातून, तर त्याने जिला शिकवलं तिच्या. सकाळचा मास्तरांवरचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. तो चांगला मोठा होता.

“मला नाही जमणार हे,” ती म्हणाली.

“एक बटण तर दाबायचंय.” लोण्याने स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या शेजारी बसला. “हे बघ, तुझ्या घरचं मला माहीत आहे. मिस्टरांना अजून काम नाही मिळालं ना? सासूबाईंचं ऑपरेशनही तोंडावर आलंय. अशा वेळी नको त्या भानगडीत कशाला पडतेस?”

हे सगळं तिनेच रजेच्या अर्जात लिहिलं होतं. रजा मिळाली नव्हती, पण मजकूर त्याच्या बरा लक्षात राहिला होता.

तिने कमांड लिहायला घेतली. स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा चीड जास्त येत होती, कारण घर डोळ्यांसमोर आल्यावर बोटं आपोआप चालायला लागली होती. मास्तरांचं नाव, मग साठही सर्व्हर. ओळ पुरी झाली. एंटर राहिला.

तिथे तिचा हात सवयीने थांबला. सगळ्यांवर एकदम काही करायचं असेल तर आधी सगळ्यांना विचारायचं, आत कोण आहे. हे मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिच्या डोक्यात असं भरवलं होतं की आता ते निघता निघत नव्हतं. तिने लिहिलेली ओळ बाजूला ठेवली आणि विचारणारी दुसरी पाठवली. भराभर उत्तरं आली. कुणी नाही, कुणी नाही, कुणी नाही. एकाच सर्व्हरवर एक नाव होतं, लांबच्या लॅबमधल्या.

“ते आत आहेत,” ती म्हणाली.

“असू दे की.”

“आत माणूस असेल तर त्याला आधी बाहेर यायला सांगावं लागतं.”

हे खरंच होतं. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचायच्या भानगडीत लोणी तसाही कधी पडत नसे. आपण ज्या सर्व्हरवर आहोत तिथल्याच दुसऱ्या माणसाच्या पडद्यावर थेट चार ओळी लिहिता येतात. ती त्या सर्व्हरवर गेली आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं.

“मास्तर, तुमचं अकाउंट बंद करायला सांगितलंय. मला. आत्ताच्या आत्ता. चारला तुम्हाला फोन येईल.”

मग एकेक ओळ उमटायला लागली.

“ठाऊक आहे. काल हेच काम मला दिलं होतं. तेव्हा नाव तुझं होतं. मी नाही म्हटलं.”

खाली आणखी होतं. “तू नाही म्हणू नकोस. घर आहे तुला. डिस्क बसवली आहे, कॉपी संपत आलीय. दहा मिनिटं दे, मी बाहेर पडतो, मग दाब.”

तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट दिसेनात, म्हणून तिने मनगटाने डोळे पुसले.

“काय म्हणतात?” लोण्याने विचारलं.

“काल याच कामासाठी तुम्ही त्यांना बसवलं होतंत.”

लोण्याने स्टूल मागे सारलं. “बायकामाणसांच्या मनाला अशा गोष्टी लागतात,” तो म्हणाला, “म्हणून हे काम आधी त्यांना दिलं.”

ती उठली. खुर्ची त्याच्याकडे फिरवली आणि बाजूला ठेवलेली ओळ पुन्हा पडद्यावर आणली.

“बसा.”

“मी?”

“सगळं लिहून ठेवलंय. एक बटण तर दाबायचंय. ते हे, उजवीकडचं मोठं.”

“हे माझं काम नाही.”

“मग कुणाचं? काल त्यांचं, आज माझं. उद्या मला काढाल तेव्हा कुणाला बसवणार इथे? बोटं आहेत ना तुम्हाला? दाबा.”

तिचा आवाज दाराबाहेर जात होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. लोणी खुर्चीजवळ गेला. हात पुढे केला, बटणावर धरला. तो हात तिथेच राहिला, आणि मग त्याने तो खिशात घातला.

“मला वर बोलावं लागेल,” तो म्हणाला. आता आवाजात मऊपणा अजिबात नव्हता. “तुझ्याबद्दलही.”

“बोला.”

तो गेला. आता दोघांचीही नोकरी जाणार हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि घरी जाऊन काय सांगायचं हे मुळीच दिसत नव्हतं. पण राग काही उतरेना. उलट तो फिरून पुन्हा मास्तरांवर आला होता, सकाळपेक्षा चौपट. कुणी सांगितला होता यांना एवढा मोठेपणा? वर गप्प बसून दिवसभर मला रुसल्याचा संशय घ्यायला लावला.

ती खुर्चीत बसली, एंटर न दाबलेली ती ओळ शेवटापासून एकेक अक्षर खोडून टाकली आणि पडद्यावरच्या मास्तरांच्या खिडकीत लिहिलं, “मास्तर, बाहेर बिहेर पडू नका. डिस्क नीट पुरी करा आणि थेट इकडे या. मला तुमच्याशी भांडायचंय.”