मागं राहिलेला कोच

वेंडेल हॅचने टोपी काढली तेव्हाच डेलमार प्रुइटच्या लक्षात आलं. हॅच टोपी काढायचा ती फक्त राष्ट्रगीताला, दफनाला आणि नोकरी सोडताना. बेकर्स फोर्ड कॉलेजच्या फुटबॉल संघाची नव्वद पोरं समोर बसली होती. मुख्य कोच असलेल्या हॅचने त्यांना चार मिनिटांत सांगून टाकलं की ओहायोतल्या एका मोठ्या विद्यापीठाने आपल्याला बोलावलंय, निर्णय फार जड गेला, तुम्ही सगळी माझी लेकरं आहात. मग लेकरांकडे पाठ करून तो बाजूच्या दाराने निघून गेला.

डेलमारला त्याचं काही वाटलं नाही. हे भाषण तो पाचव्यांदा ऐकत होता. एकोणीस वर्षांत हॅचच्या मागोमाग त्याने पाच गावं केली होती, आणि दर वेळी संध्याकाळच्या आत फोन आला होता, "डेल, सामान बांध." मुख्य कोच निघाला की त्याची माणसं त्याच्याबरोबर निघतात, ही या धंद्यातली रीत. आपण होऊन विचारायचं नाही, फोनची वाट बघायची. आणि कागदावर सही होईपर्यंत कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, पोरांना तर नाहीच नाही.

बचावाच्या अगदी मागच्या रांगेतली पोरं डेलमारच्या हाताखाली असत. त्यांना तो उलटं धावायला शिकवी. समोरचा गडी चेंडू झेलायला भरधाव येतो, त्याच्याकडे तोंड ठेवून मागं मागं पळायचं आणि ऐन वेळी वळायचं. "डोळ्यांकडे बघू नका रे, कमरेकडे बघा," तो दिवसातून दहादा ओरडायचा. "डोळे थापा मारतात, कंबर मारत नाही." हॅचच्या बाबतीत मात्र तो स्वतः एकोणीस वर्षं डोळ्यांकडेच बघत आला होता.

बोळात जेवॉन लटिमरने त्याला गाठलं. जेवॉन गावातलाच, दुसऱ्या वर्षाचा, आणि डेलमारने आजवर घडवलेल्या पोरांत सगळ्यात चपळ. दोन मोठी कॉलेजं त्याच्यावर टपून होती. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

"कोच, तुम्ही पण जाणार ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. हॅच कोचच्या शेपटाला बांधलेत तुम्हाला, म्हणतात."

"शेपूट-बिपूट काही नाही. पळ, वजनं उचलायला उशीर होतोय तुला."

पोरगा हलला नाही. "खरं सांगा. तुम्ही असाल तर मी नाव देत नाही."

डेलमारने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी खांद्यावर हात ठेवायचा, हेही तो हॅचकडूनच शिकला होता. "मी कुठं जातोय? इथंच आहे, पोरा."

संध्याकाळी फोन आला नाही. मंगळवारी पुढच्या फळीच्या कोचला आला, बुधवारी व्यायाम घेणाऱ्याला, आणि गुरुवारी तर संघाचे कपडे धुणाऱ्या माणसालासुद्धा. डेलमारच्या बायकोने, ऑर्लीनने, दिवाणखान्याचे पडदे काढून त्यांच्या घड्या घातल्या होत्या. ती काही विचारत नव्हती, पण फोन वाजला की स्वयंपाकघरातला नळ बंद व्हायचा. शुक्रवार आला आणि गेला. जेवॉनने नाव दिलं नाही.

शनिवारी सकाळी डेलमारने रीत मोडली आणि तो हॅचच्या घरी गेला. दारात सामानाचा ट्रक उभा होता.

"अरे डेल! तुला फोन करणारच होतो."

"पाच दिवस झाले, वेंडेल."

हॅच हातातलं खोकं खाली ठेवायला विसरला. "तिथल्या लोकांना तरुण माणूस हवाय. घरोघर जाऊन पोरं गोळा करणारा. तू छप्पन्नचा."

"तू एकसष्टचा."

"मला त्यांनी मागून घेतलंय ना!" तो हसला. डेलमार हसला नाही.

"माझ्या जागी कोण?"

"कॉर्डेल."

कॉर्डेलला उलटं धावायला डेलमारनेच शिकवलं होतं. त्याच्या लग्नात तो बापाच्या जागी उभा राहिला होता, आणि त्याला पहिली नोकरी मिळाली तीही डेलमारच्या शब्दावर.

"तूच म्हणाला होतास, पोरगं हिरा आहे."

"तीन वर्षांपूर्वी केंटकीतलं एक कॉलेज मला अख्खा बचाव सांभाळायला देत होतं. तू म्हणालास, जाऊ नकोस, पुढच्या नोकरीत बचाव तुझा."

"म्हणालो होतो," हॅच म्हणाला. "मनापासून म्हणालो होतो, डेल. त्या वेळी."

असा केसाने गळा कापला होता की रक्तसुद्धा दिसू नये. डेलमारला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. एकोणीस वर्षांत हॅचच्या चुका त्याने आपल्या अंगावर घेतल्या होत्या, आईच्या आजारपणात तो सराव सोडून गेला नव्हता. ते सगळं बोलून टाकायला त्याने तोंड उघडलं. पण दोन हमाल आरसा घेऊन पायऱ्या उतरत होते, त्यांना वाट द्यायला तो बाजूला झाला आणि तसाच गाडीकडे चालत गेला.

नवा मुख्य कोच ब्रूनर आला तो झाडू घेऊनच आला. जुनं कुणी ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तेव्हा जेवॉन आणखी तिघांना घेऊन त्याच्या खोलीत गेला. हॅचने प्रुइट कोचना बोलावलं होतं, पण ते आमच्यासाठी गेले नाहीत, असं या पोरांनी त्याला सांगितलं. ब्रूनरने सगळ्यांदेखत डेलमारचा हात हातात घेतला. "अशी माणसं आता राहिली नाहीत," तो म्हणाला. डेलमार गप्प राहिला. नोकरी टिकली. आठवड्याभरात ही गोष्ट गावभर झाली, न्हाव्यानेही त्याच्याकडून पैसे घ्यायचं नाकारलं.

मग रविवारी, चर्चनंतर, जेवॉनच्या आईने त्याला नि ऑर्लीनला जेवायला बोलावलं. वर्ना लटिमर गावच्या पोस्टात काम करायची. दोन वर्षांपूर्वी जेवॉनला संघात मागायला डेलमार याच घरी आला होता. आज तो एकटाच आला. जेवॉन आणि त्याच्या दोन बहिणी टेबल मांडत होत्या. वर्नाने डेलमारला स्वयंपाकघरात बोलावून हातात सुरी दिली.

"हा मक्याचा पाव कापा, कोच. रिकामे हात बघवत नाहीत मला."

त्याने दोन तुकडे कापले. "मॅम, एक सांगायचं होतं. जेवॉन लोकांना जे सांगत फिरतोय, ते..."

"मिसेस प्रुइट नाही आल्या?"

"डोकं दुखतंय तिचं."

"दुखेलच." तिने भाजीवरचं झाकण काढून पाहिलं आणि परत ठेवलं. "पत्ता बदलायचा कागद त्यांनी माझ्याच खिडकीवर दिला होता. हॅच गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. टपाल ओहायोला पाठवा म्हणाल्या. पुढच्या सोमवारी आल्या नि कागद परत मागितला. बिचारीला वर बघवत नव्हतं."

डेलमारची सुरी पावात तशीच राहिली.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासूनच..."

"चार वर्षं त्याला सोडणार नाही, असं म्हणाला होतात. बाहेर त्या टेबलाशी बसून. दोनदा वाढून घेतलं होतंत."

"त्या वेळी मी मनापासून..." तो बोलता बोलता थांबला. हे वाक्य त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. गेले कित्येक दिवस तो स्वतःला फसवला गेलेला माणूस समजत होता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला थोडं बरंही वाटत होतं. वर्नाने भाजी ढवळता ढवळता तेवढंही काढून घेतलं.

"त्याला सांगतो मी," तो म्हणाला. "आत्ताच सांगतो."

"सांगा की. तुमच्या छातीवरचा दगड उतरेल. मग तो त्याने कुठं ठेवायचा? दोन कॉलेजं सोडून बसलाय माझा मुलगा, यादी बंद झाली. त्याचा बाप गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणून गेला, तेव्हा हा सहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी कुणीतरी एकदा थांबलंय, असं त्याला वाटतंय. वाटू दे."

"आणि तुम्हाला?"

"मला तुमचा राग आहे," वर्ना म्हणाली. "बक्कळ आहे. पाव कापा, गार होतोय."

त्याने पाव कापला. तुकडे वेडेवाकडे पडले, तिने ते काही न बोलता ताटलीत रचले आणि ताटली त्याच्याच हातात देऊन पुढं जायला सांगितलं.

टेबलाशी जेवॉनने त्याच्यासाठी यजमानाची खुर्ची ओढून ठेवली होती. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. डेलमारच्या एका हातात धाकटीचा चिकट पंजा होता, दुसऱ्यात वर्नाचा. प्रार्थनेची पाळी जेवॉनची होती. मैदानावर सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडणारं ते पोर मान खाली घालून हळू आवाजात बोलू लागलं.

"देवा, या अन्नासाठी तुझे आभार. ते रांधणाऱ्या आईच्या हातांसाठी आभार. आणि सगळे गेले तेव्हा कोच प्रुइट आमच्यासाठी थांबले, त्यासाठी तुझे फार फार आभार. आमेन."

"आमेन," मोठी म्हणाली.

"आमेन!" धाकटीने पाय हलवत म्हटलं, तिचा डोळा मक्याच्या पावावर होता.

डेलमारने डोळे उघडले. वर्नाचे उघडेच होते. ती त्याच्याकडे बघत होती, त्याचा हात तिने तसाच घट्ट धरला होता, आणि ती जेवायला सुरुवात करत नव्हती म्हणून पोरंही थांबली होती.

"आमेन," डेलमार म्हणाला.

तेव्हा कुठं तिने हात सोडला.