अमान्य व्यवहार

बँकेनं पैसे कापले याचा मास्तरांना राग होताच, पण कापून वर 'आपल्या सोयीसाठी' असा निरोप मोबाइलवर पाठवला, याचा त्यांना जास्त राग होता. खिसा कापायचा तर गपचूप कापा, वर गोड कशाला बोलता, असं ते बायकोला म्हणाले. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मी काय बँक आहे?"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते कवळ्या करत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि घरामागच्या खोलीत मास्तर त्यावरून प्लास्टरचा साचा करायचे, साच्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात बसवायचे. खिडकीच्या कट्ट्यावर अनोळखी माणसांचे जबडे वाळत पडलेले असत. काम चोख आणि जीभ तिखट, अशी मास्तरांची ख्याती होती. पैसा मात्र कायम अडकलेला. डॉक्टर लोक पेशंटकडून आगाऊ घेत आणि मास्तरांना महिना उलटून चार-पाच दिवस गेले की देत, तेही उपकार केल्यासारखे.

सगळं दुखणं त्या चार-पाच दिवसांचं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला मास्तरांच्या खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, खात्यात जायची. नेमका त्या दिवशी खात्यात खडखडाट असायचा. मग बँक स्वतःचे पैसे घालून हप्ता पुढे पाठवायची, खातं शून्याच्या खाली जायचं, आणि त्याबद्दल ओव्हरड्राफ्टचा आकार लागायचा. आकारावर व्याज, आणि हा आकार भरायला खात्यात पैसे नाहीत म्हणून आणखी एक आकार. ही सोय मास्तरांनी मागितलेली नव्हती. खातं काढताना कुठल्याशा कागदावर त्यांची सही घेतली होती म्हणे.

"हप्ता सहा तारखेला टाका की. संपला विषय," बायको म्हणाली.

"अक्काला एक तारीख सांगितलीय."

"मग? ती काय काठी घेऊन दारात बसलीय?"

"एक म्हणजे एक," मास्तर म्हणाले आणि तणतणत मागच्या खोलीत गेले.

या हट्टामागं कारण होतं, आणि ते मास्तरांना मुळीच शोभणारं नव्हतं. मागच्या खोलीतली कवळ्यांची लॅब उभी करायला पैसे अक्कानं दिले होते. तिचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला, त्याच्या भरपाईचे जे मिळाले त्यातले निम्मे तिनं धाकट्या भावाच्या हातावर ठेवले. लिहिणं नाही, सही नाही. पुढे मुलीच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा तिनं ते मागितले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मास्तरांना चारचौघांत मागितल्याची लाज वाटली आणि लाजेपोटी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, आवाज चढवला. "कर्ज? मला मान्य नाही. बहिणीनं भावाला दिलं, त्याला कर्ज म्हणत नाहीत!" अक्का उठली, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेली. मुलीसाठी तिनं कुठून पैसे आणले ते मास्तरांनी विचारलं नाही. नंतर अकरा वर्षं दोघांत शब्द नव्हता.

मास्तरांचे डोळे कुणी साधुपुरुषानं उघडले असते तर सांगायलाही बरं वाटलं असतं. ते उघडले मेहुण्यानं. बायकोच्या या भावानं मास्तरांकडून धंद्याला म्हणून बऱ्यापैकी रक्कम उचलली होती. मास्तरांनी मागितली तेव्हा तो हसत म्हणाला, "काय दाजी, ते तुम्ही प्रेमानं दिले होते ना?" मास्तर घरी आले आणि जेवलेच नाहीत. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडात कसं दिसतं ते त्यांना दिसलं होतं, आणि ते फार घाण दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेत जाऊन अक्काच्या नावानं हप्ता लावला आणि तिला चार ओळींचं पत्र टाकलं, की दर एक तारखेला येतील, चुकणार नाहीत.

पहिले तीन महिने तिकडून हूं की चूं नाही. चौथ्या महिन्यात फोन आला. "पोचले रे," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'रे'वर मास्तर आठवडाभर जगले. पुढच्या महिन्यात तिनं गुडघ्यांची चौकशी केली. त्याच्या पुढच्या महिन्यात, अजून तसाच चिडतोस का रे, असं विचारलं. आता तीनच हप्ते उरले होते, आणि गेल्या फोनवर ती म्हणाली होती, "फिटले की येईन चार दिवस राहायला. तोवर नको, घास गोड लागायचा नाही." मास्तरांच्या बायकोनं पुढच्या खोलीचे पडदे तेव्हाच धुवायला काढले.

तर अशा या हप्त्यावर बँक दर महिन्याला टोल घेत होती. मास्तरांनी बेरीज केली आणि त्यांचं डोकं सणकलं. हातातली कवळी तशीच ठेवून ते बँकेत गेले. कामाचा चष्माही टेबलावरच राहिला.

तक्रारीचं टेबल सगळ्यात मागे, कागदांच्या गठ्ठ्यांना टेकून होतं. तिथवर पोचेपर्यंत माणसाचा राग निवावा, अशीच ती जागा निवडली असणार. टेबलामागची मुलगी नवी होती. तिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. मास्तरांना कुठल्याही चेहऱ्यात आधी दातच दिसायचे.

मास्तरांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. न मागितलेली सोय, सोयीचा दंड, दंडाचा दंड. "उद्या मी एखाद्याच्या तोंडात न विचारता दात बसवला आणि वर बिल लावलं, तर चालेल का तुम्हाला?" असं त्यांनी विचारलं. रांगेतलं कुणीतरी हसलं. मास्तरांना आणखी जोर चढला.

मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, मला सहा महिन्यांपर्यंतचंच मागे जाता येतं," ती म्हणाली आणि तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "यातले कुठले व्यवहार तुम्हाला अमान्य आहेत ते सांगा."

चष्म्याशिवाय मास्तरांना स्क्रीनवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. पण आता एवढं बोलून झाल्यावर, मला दिसत नाही, असं कोण म्हणणार? "कुठले म्हणजे? सगळेच अमान्य!"

"सगळे? हे वरचे मोठेसुद्धा?"

आता दुसरा कुणी असता तर वरचे म्हणजे कुठले, एवढं तरी त्यानं विचारलं असतं. पण मास्तरांचा जन्म वरच्या आणि खालच्या कवळ्यांत गेलेला. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वरचे, खालचे, पूर्ण सेट! एकही मान्य नाही. स्वच्छ सांगतोय ना?"

"बघा हं काका. मग मला तसं घालावं लागेल."

"घाला!"

मुलीनं घातलं. मास्तरांनी छोट्या काचेवर बोटानं सही केली. बाहेर पडताना रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना मान डोलावून दाद दिली, आणि मास्तर घरापर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही, इतके ते खुशीत होते.

पंधरवड्यात मोबाइलवर निरोप आला, की तक्रारीचा निकाल लागला असून रक्कम जमा केली आहे. रक्कम एकगठ्ठा होती आणि दांडगी होती. मास्तर ओरडतच स्वयंपाकघरात गेले. "आणली की नाही नाक घासत!"

बायकोनं आकडा पाहिला. "एवढे कुठे कापले होते?"

"व्याजासकट दिले असतील. शिवाय मनस्तापाचे. माफी म्हणून."

"बँक? आणि माफी?" बायको म्हणाली. "जाऊन विचारून या."

इथं माणसानं निमूट उठून जायला हवं होतं. पण जिंकलेला माणूस, खरंच जिंकलो का, असं विचारायला कधी जातो? मास्तर गेले नाहीत. दात पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी कधीची थकली होती, त्याला त्यांनी त्यातले निम्मे देऊन टाकले, आणि देताना बँकेला कसं वठणीवर आणलं तेही रंगवून सांगितलं.

मग एक तारीख आली. मास्तर दिवसभर फोन खिशात घेऊन हिंडले. एरवी मेणाचे हात लागतात म्हणून ते तो खोलीत आणत नसत. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी परत लावला, तेव्हाही तेच. "बाहेर गेली असेल," बायको म्हणाली, पण ते तिचं तिलाच पटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मास्तर बँकेत गेले, या खेपेला चष्मा घेऊन. मुलीनं स्क्रीन वळवला. ओळी स्वच्छ दिसत होत्या. प्रत्येक महिन्याची वरची ओळ मोठी, ती अक्काच्या हप्त्याची. खालच्या बारक्या ओळी आकाराच्या आणि व्याजाच्या. सगळ्यांपुढे एकच शब्द होता, अमान्य.

"हप्ते कुणी अमान्य केले?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच काका. मी विचारलं होतं, वरचेसुद्धा का म्हणून." तिचा चेहरा उतरला होता. "हप्ते परत घ्यायला समोरच्या खातेदाराची संमती लागते. आम्ही त्यांना फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. पुढचे हप्तेही त्यामुळेच थांबले."

"लगेच?"

"हो. हरकत नाही म्हणाल्या. फक्त एवढं विचारलं, की हे तो स्वतः म्हणाला का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, हो. माझ्यासमोर बसून म्हणाले, एकही मान्य नाही."

मास्तर तिथं बसून राहिले. मुलीवर ओरडावं असं त्यांना फार वाटत होतं, पण ओरडण्यासारखं तिनं काही केलंच नव्हतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

घरी येऊन त्यांनी उरलेले पैसे काढले. कमी पडले तिथं बायकोनं तिच्या डब्यातले घातले. पाकीट छातीच्या खिशात ठेवून ते बसनं अक्काच्या घरी निघाले. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते पाठ केलं. अक्का भडकेल. भडकू दे. चार शिव्या देईल, गधड्या म्हणेल, आणि मग हसेल. ती भडकली की नंतर हसायचीच.

दुसऱ्या मजल्यावरचं दार अक्कानंच उघडलं. वाळली होती. केस पार पांढरे झाले होते.

"या," ती म्हणाली.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. आपल्यामागून आणखी कुणी जिना चढून आलंय असं त्यांना वाटलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"या ना. बसा."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून गेले. आकार, चष्मा, वरच्या ओळी, खालच्या ओळी, पूर्ण सेट. बोलताना त्यांनाच ते ऐकवत नव्हतं. खरं असूनही ते थापेसारखं वाटत होतं. अक्कानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"असेल तसं," ती शेवटी म्हणाली. "बँकेत होतात अशा चुका. पण शब्द तुमचाच होता ना?"

"अक्का, तुमचाच काय? तू मला तुम्ही का म्हणतेस?"

मास्तरांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "सहाचे सहा आहेत. मोजून घे."

"उचला ते. मला नकोत." तिनं पाकिटाला हातही लावला नाही. "अकरा वर्षं बोलणं नव्हतं आपलं. पण माझ्या मनात अरे-तुरेच चालू होतं. म्हणून तर पहिला हप्ता आला तेव्हा मी रडले. आणि बँकेतली बाई म्हणाली, एकही मान्य नाही म्हणाले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं होतं हो. भावाबद्दल कुणी असं सांगितलं, तर बहिणीला नवल वाटायला हवं. नाहीच वाटलं."

मास्तर रडले. पन्नाशी उलटलेला माणूस, तिखट जिभेचा. "पाया पडतो अक्का. शिव्या घाल, हाकलून दे, पण तुम्ही म्हणू नको गं."

ती उठून आत गेली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, मग भांड्याचा. मास्तर डोळे पुसत बसले. तिला एकटीला थोडा वेळ द्यावा, मग ती येईल, मग सगळं नीट होईल, असं ते स्वतःला सांगत होते. थोड्या वेळानं ती चहाचा कप घेऊन आली आणि त्यांच्यापुढे धरला.

"गरम आहे, जपून घे..." ती म्हणाली.

मास्तरांनी झटकन मान वर केली.

अक्कानं कप पाकिटाशेजारी ठेवला आणि पदराला हात पुसले. "घ्या," ती म्हणाली.