कचरूचा तास

"सात पैसे?" कचरूने तळहातावरची नाणी बोटाने सरकवून पाहिली. "पाटील, हे काय होय?"

"तुहे चार मिनिटं," विहिरीच्या काठावर बसलेल्या उत्तमरावांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. "तासाले रुपया तूच सांगतला ना? मंग चार मिनिटाचे पुरे पावणेसात बी होत नाईत. वरचा पाव पैसा तुले सोडला."

"अन् दोन मैल चालत आलो ते?"

"पाय तुहे हायेत बे, चालशीन नाई तं काय करशीन?"

"सहा वर्सं बुलढाण्यात हे काम शिकलो..."

"ते काय माह्याजोळ शिकला का?" असं म्हणून पाटलांनी दुरुस्त झालेली मोटर सुरू केली. पाण्याचा लोंढा पाटात पडला आणि कचरूचं पुढचं बोलणं त्यात वाहून गेलं.

लोणारपासून चार कोसांवरच्या या गावात विजेचे खांब येऊन दोन वर्षं झाली होती. कचरू बुलढाण्याच्या एका ठेकेदाराची नोकरी सोडून आला होता. शालूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुभती शेळी विकून त्याला पक्कड, पेचकस, टेस्टर आणि एक जुनं घड्याळ घेऊन दिलं. गाव म्हणालं, सुताराला देतो तशी वर्षाला घरटी दोन पायल्या ज्वारी देऊ. पण खळ्याखळ्यावर टोपलं घेऊन उभं राहायचं नाही, हे कचरूचं पक्कं होतं. ठेकेदार तासावर पैसे घ्यायचा, म्हणून यानेही तास धरला. तो कसा धरावा लागतो हे मात्र ठेकेदाराने शिकवलं नव्हतं.

सात पैशांचा घाव वर्मी बसला. त्याच संध्याकाळी त्याने पारावर उभं राहून जाहीर केलं, "आतापासून तासाच्या आत काम नाई. पाच मिनिटं लागो का पन्नास, बोलावलं का रुपया!"

पाराच्या कडेला म्हातारी गोजरबाई पोतं टेकवून बसली होती. दोन एकर, एक म्हैस आणि एक बल्ब एवढाच तिचा संसार, पण हिशेबात ती भल्याभल्यांना ऐकत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने कचरूला बोलावलं. बल्बचा होल्डर ढिला झाला होता. पाच मिनिटांत काम झालं. म्हातारीने कमरेच्या पिशवीतून रुपया काढून रोख हातावर ठेवला. कचरूला फार बरं वाटलं. तो दाराकडे वळला.

"कुठी चालला?"

"झालं ना मावशी काम."

"काम झालं, पन तास कुठी झाला?" गोजरबाईने दारात पाय पसरले. "पूरा रुपया मोजला म्या. पंचावन्न मिनिटं माही हायेत. ते तुरीचं पोतं तिकडं सरकव."

पोतं सरकलं. मग खाटेची दोरी ताणून झाली, अकोल्याच्या जावयाचं पत्र दोनदा वाचून झालं, शेवटी म्हशीची पाळी आली.

"मावशी, मी विजेचा मिस्त्री हाओ!"

"म्हैस काय कंदिलावर चालते? धर, लाथ मारते ते."

म्हशीने मारलीच.

ही गोष्ट गावात पसरायला काय वेळ! आठ दिवसांत जो तो कचरूला बोलावू लागला. पुंजाजीने एक बटन बसवून घेतलं आणि उरलेल्या वेळात ज्वारी उफणून घेतली. बेबीताईने डाळीतले खडे वेचायला लावले, वर म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताले मोठी सफाई हाये." कचरू तोंडाचा भिडस्त. घेतलेला रुपया त्याला परत करवत नसे आणि न घेऊन भागत नसे.

घरी शालूबाई वेगळीच तापली. "गावाचे लाकडं फोडता, माह्या चुलीले काडी नाई! माही शेळी इकली ते लोकायच्या म्हशी धराले इकली का?"

तशात ठेकेदाराचा निरोप आला. जागा रिकामी आहे, सोमवारी ये, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. पुन्हा ती पत्र्याची खोली, पुन्हा दुसऱ्याच्या शिड्या वाहणं. कचरूचा जीव तुटला. पण रविवारी सकाळी त्याने ट्रंक झाडून ठेवली.

त्याच सकाळी गोजरबाईचा बल्ब पुन्हा गेला. तो बदलून कचरू तिच्या छपरावरची कौलं नीट करत होता, तेवढ्यात उत्तमराव धोतर सावरत धावत आले.

"कचऱ्या, उतर लवकर! मोटर बंद पडली. गहू ओंबीवर हाये, उद्यापासून चार दिवस विहीर भावाच्या पाळीत जाते!"

कचरूने पाय खाली सोडला.

"वर बस!" गोजरबाई ओरडली. "चाळीस मिनिटं बाकी हायेत माहे."

"बुढे, तुहा रुपया वापस घे."

"रुपयाले तं म्या घेतला. तुले काऊन रुपयाले देऊ? माहे कवेलू फुटले हायेत."

"सव्वा घे."

"गहू वाळला तं पोतं केवढ्याचं होते रे पाटला?"

दीड झाला, पावणेदोन झाले. छपरावरचा माल मान इकडून तिकडे फिरवत ऐकत होता. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी दोन रुपयांवर सौदा पटला. म्हातारीने पैसे पिशवीत टाकले आणि वर पाहून म्हणाली, "जाय बापा, तुले इकला."

मोटर तीन मिनिटांत सुरू झाली. पाटलांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दात खाल्ले. कचरू मात्र घरी येईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होता.

सोमवारी बुलढाण्याची बस कचरूला न घेताच निघून गेली. तेलाच्या डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलेली पाटी पारावर लटकली. 'तासाला तीन रुपये. तास घरून निघाल्यापासून. अर्ध्या तासाच्या आत काम नाही. काम फक्त विजेचं.'

उत्तमराव भडकले. "तीन? कोनं ठरवले बे?"

"तुम्हीच पाटील," कचरू नम्रपणे म्हणाला. "काल चाळीस मिनिटाले दोन देले. मंग साठाले किती होतात, तुमीच सांगा. तुमचा हिशेब पक्का हाये."

पारावरचे सगळे पाटलांच्या तोंडाकडे पाहू लागले. पाटलांनी मनात हिशेब केला, पुन्हा केला. तो काही केल्या चुकेना. चार मिनिटांचे पावणेसात पैसे काढणाऱ्या माणसाला आता सगळ्या गावासमोर हा हिशेब चुकीचा म्हणायचीही सोय नव्हती.

"उद्या ये सकाळी," ते शेवटी म्हणाले. "स्टार्टर तपासून दे."

संध्याकाळी गोजरबाई कचरूच्या दारात आली. "काऊन रे, मले बी तीनच?"

कचरूने घड्याळ काढून शालूबाईजवळ ठेवलं. म्हातारीच्या घरी जाऊन बल्ब फुकट तपासून दिला, आणि तासभर म्हैस धरली.