थर्मामीटरचा डावा डोळा

शरीर थकतं, पण कारागिराची नजर कधी म्हातारी होत नाही. हे वाक्य थर्मामीटरने स्वतःच्या निरोपसमारंभात, माइक दोन्ही हातांनी घट्ट धरून उच्चारलं होतं. टाळ्या पडल्या. मग स्टेजवरून उतरताना त्याची पायरी चुकली आणि फुलांच्या गुच्छासकट तो थेट मालकांच्या मांडीवर जाऊन बसला. गडी भारावून गेला, असं सगळ्यांना वाटलं.

थर्मामीटर हे त्याचं फाउंड्रीतलं नाव. पितळी नळ ओतणाऱ्या त्या फाउंड्रीत त्याने चौतीस वर्षं एकच काम केलं. मुशीतल्या पितळेच्या रंगाकडे पाहायचं आणि ओतायची वेळ झाली की सांगायचं. त्याची मोजपट्टी भाजीबाजारातून आलेली होती. पितळ आधी ओल्या विटेच्या रंगाचं दिसे, मग गाजर, मग संत्रं, आणि पिकल्या पपईचा रंग चढला की तो "पपई!" अशी आरोळी ठोके. आरोळी आली की दोन धट्टेकट्टे गडी मूस उचलून साच्यांकडे धावत. "या गावातलं निम्मं पाणी माझ्या पपईतून वाहतं," असं तो पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे हातातला ग्लास हळूच खाली ठेवत.

फाउंड्री बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तिथे सध्या व्यायामशाळा आहे. पूर्वी त्या जागेत घाम गाळायचे पैसे मिळत, आता द्यावे लागतात. यालाच विकास म्हणतात. थर्मामीटरला मात्र ती जागा आठवे ती दुपारी तीनच्या उन्हातली. छपराच्या काचांमधून सोनेरी ऊन खाली उतरलेलं, हवेतली धूळसुद्धा सोनेरी, भिंती मधाच्या रंगाच्या, आणि चहाची किटली घेऊन येणारा माणूस कुठल्याशा राज्याचा खजिनदार असल्यासारखा. "तसा उजेड आता पडत नाही," तो म्हणे. ऐकणारे मान डोलावत. उजेडाबद्दल म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

बायको गेल्यापासून नऊ वर्षं तो मुलीकडे राहत होता. जावई विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आगी कागदावर पाहून त्याला स्वतःची एक हवीशी झाली असावी, कारण एका रविवारी त्याने मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी बांधायला घेतली. तेलाचा गंजका डबा, त्याला आतून भट्टीच्या मातीचा जाड लेप, खालून एक पाइप आणि पाइपाला बायकोचा केस वाळवायचा ड्रायर. साच्याची पेटी म्हणून जुन्या कपाटाचे दोन ड्रॉवर. वाळूचे दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडर. विकत आणली फक्त मूस, आणि पोस्टाने मागवलेलं एक मीटर, ज्याची लांब काडी धातूत बुडवली की आकडा दिसे.

"माझा ड्रायर गेला, माझे ड्रॉवर गेले, पावडर गेली," मुलगी म्हणाली. "आता मला कधी वितळवताय तेवढं सांगा."

"तू आधीच तापलेली असतेस," जावई म्हणाला आणि दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्यायला.

ओतायचं काय, हा प्रश्न न्हाणीघराने सोडवला. तिथल्या नळाची चार पाकळ्यांची मूठ तुटली. प्लंबर आला, नळाकडे बघून आदराने म्हणाला, "असला नळ मी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलाय. मूठ मिळणार नाही. नळ बदला."

"माझ्या हातचा आहे तो," थर्मामीटर म्हणाला. "मूठ ओतू आपण."

'आपण' हा शब्द ऐकून जावयाचा चेहरा उजळला. इतके दिवस सासरेबुवा शेडकडे तोंड वाकडं करून बघत होते. तो म्हणाला, "बाबा, रंग तुम्ही बघायचा."

"मग ती काडी कशाला आणलीत, जावईबापू?"

"असू दे. सोबतीला."

मध्ये एक गोष्ट झाली होती ती सांगायला हवी. महिन्याभरापूर्वी थर्मामीटरच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा नंतर करायचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "भट्टीसमोर काम केलंत ना? अशांना लवकर होतो. पंधरा-वीस वर्षांपासून वाढत असणार. इतका हळू वाढतो, की माणसाला कळत नाही." थर्मामीटरने हे प्रशस्तिपत्रक म्हणून घेतलं. पट्टी निघाल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं ते असं, की न्हाणीघराच्या फरशा पांढऱ्याशुभ्र आहेत. त्या पिवळ्या पडल्यात, नीट घासत जा, असं तो मुलीला कित्येक वर्षं सुनावत आला होता. मुलीने ऑपरेशनचा खर्च त्या एका क्षणात वसूल झाल्याचं जाहीर केलं. पण फरशांचा आणि पितळेचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. फरशांना कुठे नजर लागते?

रविवारी सकाळी भट्टी पेटली. तुटकी मूठ डिंकाने जोडून तिचा साचा घेतला होता. भंगारातल्या तोट्या मुशीत बसल्या, ड्रायर घोंघावू लागला, आणि थर्मामीटरने नाक पुढे केलं. हाच तो वास. त्याने पाय फाकवले, हात मागे बांधले, धूसर दिसणारा डावा डोळा मिटला आणि नव्या उजव्या डोळ्याने मुशीत पाहिलं. वीट. गाजर. संत्रं. फारच झपाट्याने चढत होतं.

"पपई!" तो ओरडला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"बाबा, मीटर साडेनऊशे दाखवतंय," जावई चाचरत म्हणाला. "हजाराच्या पुढे जायला हवं ना?"

"तुमच्या मीटरने आजवर किती नळ ओतलेत?"

जावयाने मूस उचलली आणि ओतली. थंड झाल्यावर साचा फोडला. मुठीला चार पाकळ्या हव्या होत्या, होत्या दीड. पितळ साच्यात पोचायच्या आधीच थिजलं होतं. हे पोराटोरांच्या हातून होतं, पहिल्या महिन्यात होतं. त्याच्या आरोळीवर हे कधी झालं नव्हतं.

"वाळू ओली राहिली माझी," जावई घाईघाईने म्हणाला. "माझीच चूक."

वाळू चांगली होती. थर्मामीटरने सकाळी ती स्वतः मुठीत दाबून पाहिली होती. जावई खोटं बोलला हे त्याला कळलं, आणि का बोलला हेही. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

तो खोलीत जाऊन दार लावून बसला. जेवायला आला नाही. संध्याकाळी हवेत गारवा आला तसा त्याने कपाटातून स्वेटर काढला. हा बायकोने विणलेला. विणून झाला त्या दिवशी सुरू झालेला वाद ती जाईपर्यंत मिटला नव्हता. ती म्हणे लिंबू रंग आहे. तो म्हणे मोहरी. "चौतीस वर्षं रंग ओळखून पोट भरलं मी, मला शिकवू नकोस!" ती सुया गुंडाळून ठेवी आणि आत निघून जाई. हा आपला विजय, असं तो धरून चाले.

आता हातातला स्वेटर लिंबू रंगाचा होता. कोवळ्या, पांढरट लिंबाचा.

त्याने उजवा डोळा मिटला. मोहरी. डावा मिटला. लिंबू. पुन्हा उजवा. मोहरी, आणि खिडकीत दुपारी तीनचं सोनेरी ऊन, खरं तर बाहेर साडेसहा वाजले होते आणि आभाळ भरलेलं होतं. तो बराच वेळ एकेक डोळा मिटत बसला. दारात आलेल्या मुलीला वाटलं, बाबा आपल्याला डोळा मारतायत.

"काय चाललंय?"

"काही नाही. ऊन बघतोय."

पुढच्या रविवारी त्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने मुशीत पाहिलं. वीट आली, तिला हवा तेवढा वेळ तिने घेतला. गाजर. संत्रं. जुन्या ओळखीची माणसं एकेक करून दारात यावीत तसे रंग येत होते. शेवटी ती पपई आली, मऊ, गोड, चौतीस वर्षांची.

"पपई!"

"एक हजार अठ्ठेचाळीस," जावई मीटर वाचून म्हणाला आणि सासऱ्याकडे पाहतच राहिला. मूठ चारही पाकळ्यांनिशी निघाली. जावयाने ती चुकून चिमट्याऐवजी हाताने उचलली आणि नाचला. तो आनंदाने नाचला असं थर्मामीटरचं म्हणणं.

त्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं, "डाव्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द."

"का?" मुलीने घास तसाच ठेवला.

"एक डोळा घरासाठी, एक भट्टीसाठी. वाटणी झाली."

"आणि रस्ता ओलांडताना कुठला? परवा चहा कपाऐवजी बशीशेजारी ओतलात. जिन्यावर दोनदा धडपडलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक डोळा केला आणि एक राहिला तर पायऱ्यांचा अंदाज येत नाही."

"पायरी मी आधीपासून चुकतो."

"बाबा!"

"अगं, डावा काढला तर मला पुन्हा ती पपई दिसणार नाही," तो एकदम म्हणाला. "फाउंड्रीच्या भिंती पांढऱ्या होत्या म्हणून निघेल. चहावाल्याची किटली साधी पत्र्याची निघेल. माझ्याकडे तेवढंच उरलंय, त्यात तू काच बसवायला निघालीस."

जावयाने भाजलेल्या बोटावर फुंकर घातली.

थोड्या वेळाने थर्मामीटरने स्वेटर आणून मुलीपुढे टाकला. "याचा रंग कुठला?"

"लिंबू."

"तुझी आई काय म्हणायची?"

"लिंबूच म्हणायची. तुमच्यासमोर." मुलीने स्वेटरची घडी घातली. "मला म्हणायची, तुझ्या बाबांच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर घर डोक्यावर घेतील, आणि फाउंड्रीत कळलं तर काम जाईल. त्यापेक्षा मोहरी तर मोहरी."

"तिला माहीत होतं?"

"मग? तुमचे मोजे रोज कोण जुळवून ठेवायचं? तुम्हाला पांढरा आणि पिवळसर एकच दिसायचा."

म्हणजे बायकोचं सुया गुंडाळून आत जाणं ही हार नव्हती. इतकी वर्षं आपण वाद जिंकत होतो आणि समोरची बाई खेळतच नव्हती. त्याला राग यायला हवा होता. त्याने थोडी वाटही पाहिली. आला नाही. तिच्याकडे बघताना ती कायम सोनेरी दिसायची, त्यातलं मोतीबिंदूचं किती आणि तिचं किती, हा हिशोब आता कुणाला विचारायचा?

"तारीख कधीची आहे?" त्याने विचारलं.

"सतरा दिवसांनी. बुधवारी."

"म्हणजे दोन रविवार." तो जावयाकडे वळला. "जावईबापू, ती काडी तयार ठेवा."

त्या दोन रविवारी त्यांनी काहीच ओतलं नाही. नुसतं पितळ तापवलं, निववलं आणि पुन्हा तापवलं. थर्मामीटर डाव्या डोळ्याने बघून सांगे, "ही ओली वीट. ही कोरडी. हे गाजर, पण शिळं." जावई काडी बुडवून शेडच्या भिंतीवर खडूने आकडा लिही. "संत्र्याच्या आधी एक असतं बघा, त्याला नाव नाही."

"मग काय लिहू?"

"लिहा, भोंगा व्हायच्या आधीचं. त्या वेळी फाउंड्रीत असंच दिसायचं."

जावयाने तसंच लिहिलं आणि पुढे नऊशे सत्तर हा आकडा टाकला. दुसऱ्या रविवारी पपई तीनदा आली, तीनही वेळा दोन-चार अंशांच्या फरकाने एकाच जागी. तिसऱ्यांदा थर्मामीटर ओरडला नाही. नुसता पाहत राहिला. इतका वेळ, की पितळेतून पांढरा धूर निघायला लागला आणि जावयाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"पुरे आता, बाबा."

"हो," तो म्हणाला. "बंद करा तो ड्रायर. पोरीचे केस ओले असतील."

बुधवारी मुलीने रजा काढली, जावयाने अर्धी रजा काढली, आणि तिघं वेळेच्या दीड तास आधी दवाखान्यात जाऊन बसले. वाटेत थर्मामीटर खिडकीशी बसून उजवा डोळा झाकून रस्ता बघत होता. आत नेताना त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, काढलेली ती पिवळी काच घरी नेता येईल का. त्या म्हणाल्या, ती आतच फोडून ओढून घेतात, उरत काही नाही.

ऑपरेशनला अकरा मिनिटं लागली.